सोयरसुतक

‘त्याचं मला काही सोयरसुतक नाही,’ असं आपण सहज बोलून जातो. संबंध नाही, देणंघेणं नाही, एवढाच त्याचा अर्थ आता उरलाय. पण आमच्या आजीच्या पिढीला हा शब्द बोलायचा नव्हता, पाळायचा होता. घरात जन्म झाला की सोयर, मरण आलं की सुतक. भावकीला दहा दिवस, सासरी दिलेल्या लेकीला तीन दिवस, लांबच्या नात्यातलं उशिरा कळलं तर डोक्यावरनं नुसती आंघोळ. सुतकात देवाला हात लावायचा नाही, गोडधोड करायचं नाही, कुणाच्या मांडवात जायचं नाही. कोण किती जवळचं, हे असं दिवसांवर मोजलेलं असायचं. रडायचीसुद्धा रीत ठरलेली. लेक कशी रडणार, सून कशी रडणार, विहीण दारात आल्यावर कुठून हेल काढणार, हे सगळ्या गावाला ठाऊक.

इतका काटेकोर हिशोब ठेवणाऱ्या गावात मग असं कसं व्हायचं, की ज्याला कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही, ज्याचं सोयर नाही की सुतक नाही, त्याच्या मरणाला चुली पेटायच्या नाहीत? म्हातारी माणसं पारावर टॉवेल डोळ्याला लावून बसायची. शिकलेली माणसं याला वेडेपणा म्हणतात. मी काही फार शिकलेलो नाही, दहावीपर्यंतच गेलो. पण साठ वर्षांत अशी बरीच मरणं मी गावात बसून पाहिली, काही वडीलधाऱ्यांकडून ऐकली. त्यावरून मला जे कळलं ते सांगतो.

माझा जन्म १९६० चा. गांधीजींचं मरण मी वडिलांच्या तोंडून ऐकलं. ३० जानेवारी १९४८, शुक्रवारची संध्याकाळ. आमच्या गावात तेव्हा रेडिओ नव्हता. दुसऱ्या दिवशी कराडच्या बाजारातून आलेल्या माणसानं सांगितलं आणि गुऱ्हाळावरची चुलवाणं जागच्या जागी थांबली. वडील सांगायचे, आख्ख्या गावात गांधींना पाहिलेला माणूस एकच, आणि तोही लांबून, गर्दीत टाचा उंच करून. तरी गाव सुतक आल्यासारखं बसलं. पुढं १२ फेब्रुवारीला प्रयागच्या संगमावर अस्थी सोडल्या, त्याच दिवशी देशातल्या इतरही नद्यांमध्ये सोडल्या. मरणापासूनचे दिवस मोजा, तेराच भरतात. म्हणजे घरातल्या माणसाचा घालतात तसा देशानं मिळून त्यांचा तेरावा घातला. ज्यांचं नातं नव्हतं, त्यांना रडायला रीत मिळाली.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच दिवसांत आमच्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. मारणारा त्या जातीचा होता, एवढंच कारण. ज्यांचा त्या गोळ्यांशी काडीचा संबंध नव्हता, अशी कुटुंबं एका रात्रीत उघड्यावर आली. कित्येकांनी गाव सोडलं ते कायमचं. १९८४ साली इंदिराबाई गेल्यावर दिल्लीत शिखांच्या बाबतीत तेच झालं. म्हणून मोठ्या माणसाच्या मागं जे जे होतं त्या सगळ्याला मी दुःख म्हणत नाही. खरं दुःख झालेला माणूस बसकण मारतो. त्याच्या हातात रॉकेलचा डबा येत नाही.

खरं दुःख कसलं असतं, ते मला आमच्या गावातल्या एका गिरणी कामगारानं सांगितलं. त्या वेळी ज्याला महारवाडा म्हणत, तिथला हा माणूस. आज तिथं बुद्धविहार आहे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब दिल्लीत गेले. विमानानं त्यांना मुंबईला आणलं आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यविधी झाला. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबरची, तिला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. हा माणूस तेव्हा मुंबईत होता. गर्दीत सकाळी उभा राहिला तो रात्रीपर्यंत. उतारवयात गावी आल्यावर मी त्याला विचारलं, ‘दादा, तुम्ही कधी बाबासाहेबांशी बोलला होता का?’

तो म्हणाला, ‘बोलतोय कुठनं? लांबनं एकदा बघितलं व्हतं सभंत. पर तुला सांगतो, माझा बाप मेला तवा मी ल्हान व्हतो, मला रडाया आलं न्हाई. बाबासाहेब गेलं तवा दोघांचं मिळून रडलो.’

दोघांचं मिळून रडलो, हे त्याचं बोलणं माझ्या डोक्यात रुतून बसलं. त्याच्या बापानं सगळा जन्म दुसऱ्याच्या दारात उभं राहून पाणी वरून ओंजळीत घेतलं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी पिऊन दाखवलं, तेव्हा ते त्याच्या बापासाठीसुद्धा होतं. बापाला ते कधी कळलंही नसेल. पण लेकाला कळलं. न पाहिलेल्या माणसाशी नातं लागतं ते असं. तिथं सोयरीक लागत नाही, पण जे आपल्या रक्ताच्या माणसाला मिळायला हवं होतं ते त्या माणसानं मिळवून दिलेलं असतं. तो गेला की आपलाही बाप पुन्हा एकदा जातो.

पुढं गावात रेडिओ आले. मग मरणाची खबर माणसाच्या आधी आवाजानं यायला लागली. रोजची गाणी बंद होऊन नुसती सारंगी लागली की आमची आजी म्हणायची, ‘कोन गेलं रं?’ ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिराबाईंना गोळ्या लागल्या, आकाशवाणीनं मरण सांगितलं ते संध्याकाळी. मधला सगळा दिवस माणसं सोसायटीच्या ओट्यावर सेटभोवती बसून होती. त्यानंतर महिनाही झाला नाही तोवर, २५ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण गेले. ते तर कृष्णाकाठचे, आमच्याच मुलखातले. कराडला प्रीतिसंगमावर त्यांना निरोप दिला, तेव्हा आमच्या गावातून ट्रकच्या ट्रक भरून गेले. ही राजकारणातली माणसं. त्यांच्या मागं रडण्यात काही जणांचा स्वार्थही असतो, दाखवणंही असतं. म्हणून त्यावर मी फार लिहीत नाही.

मला लिहायचंय ते १९८६ च्या डिसेंबरबद्दल. स्मिता पाटील गेली ती १३ तारखेला. वय एकतीस. पंधरा दिवसांचं बाळ मागं ठेवून, बाळंतपणानंतरच्या आजारानं गेली. आमच्या गावात ऊसतोडीचा हंगाम चालू होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं पेपर आला आणि पहिल्या पानावर तिचा फोटो.

आता ती किती मोठी नटी होती ते शहरातल्या वाचकाला सांगायला नको. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी मुलगी, पुढं ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ साली पद्मश्री. तिचा बाप खानदेशातला, स्वातंत्र्यसैनिक आणि पुढं मंत्री झालेला. ‘मंथन’ हा तिचा सिनेमा तर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन दोन रुपये घालून काढलेला. शेतकऱ्याच्या पैशानं निघालेल्या सिनेमात तिनं गावातल्या बाईचं काम केलं. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकराची बाई झाली. पण खरं सांगायचं तर यातलं आमच्या गावातल्या बायांना काही माहीत नव्हतं. जत्रेच्या तंबूत ‘जैत रे जैत’ लागला होता तो चार-दोघींनी पाहिला असेल. ‘उंबरठा’ तालुक्याला आला, तो बघायला बायकांना कोण नेतंय? बऱ्याच जणींनी तिचा एकही सिनेमा पाहिला नव्हता.

तरी त्या दुपारी आमच्या सोप्यात बाया जमल्या. मी पेपर मोठ्यानं वाचत होतो. फोटो हातोहात फिरला. सावळा रंग, मोठे डोळे, रंगरंगोटी नाही. एक म्हणाली, ‘अगं, ही आपल्यातलीच दिसती की.’ मी ‘बाळंतपणानंतर’ हा शब्द वाचला आणि सोपा गप्प झाला. आणि मग माझी आजी, वय ऐंशीच्या पुढचं, जिला मी आजोबा गेले तेव्हाही मोठ्यानं रडताना पाहिलं नव्हतं, तिनं माझ्या आत्याचं नाव घेऊन हेल काढला.

हे नीट समजायला आमच्याकडच्या बाळंतिणीच्या मरणाची रीत सांगावी लागेल. माझी धाकटी आत्या १९६८ साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अंधारी खोली, दाराला घोंगडं, खाटेखाली शेकोटी. सुईणीनं विळ्यानं नाळ कापली. पाचवीला सटवाई पुजली. सातव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, नवव्या दिवशी आत्या गेली. पोर जगलं. मी आठ वर्षांचा होतो.

एरवी सवाष्ण बाई गेली की तिचं भाग्य मोठं मानतात. हिरवं लुगडं, मळवट, ओटी. आत्यालाही ते सगळं केलं. पण बाळंतीण मेली की ती अळवंतीण होते, लेकराच्या ओढीनं परत येते, असं लोक धरून चालायचे. म्हणून तिरडीच्या मागं एक माणूस वाटेवर राळे टाकत गेला. येताना ती राळे वेचत बसंल, मोजता मोजता उजाडंल आणि ती घरापर्यंत पोचणार नाही, असा त्यातला भाव. उंबऱ्यात खिळे ठोकले. आणि आजीला बजावून ठेवलं, नाव घेऊन रडू नको, हाक ऐकून ती वाट धरंल. सोयर आणि सुतक एकाच घरात, एकाच आठवड्यात आलं होतं. आजीनं सुतकाचे दिवस धरले, पण रडणं तेवढं आत ठेवलं. रोज रात्री ती त्या पोराला गाईचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजायची आणि पदर तोंडात धरायची. पुढं वर्षाच्या आत आत्याच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं. त्याच्यावर मी दोष ठेवत नाही, ती तेव्हाची चाल होती. पण त्यानंतर आत्याचं नाव घरात निघालं नाही. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला बाकीच्या सवाष्णींचं पान घरात वाढायचे आणि तिचा नैवेद्य गावाच्या शिवेवर नेऊन ठेवायचे, मागं वळून न बघता.

अशी ती आजी अठरा वर्षांनी रडली, ती मुंबईच्या एका नटीचा फोटो मांडीवर घेऊन. रडता रडता म्हणाली, ‘हिच्यामागं समदी मुंबय रडली की रं. हिला कुनी अळवंतीन म्हटलं का? हिच्या वाटंवर कुनी राळं टाकलं का? मग माझ्या लेकीनंच काय केलं व्हतं?’

त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. मग एक एक बाई बोलायला लागली. कुणाची बहीण, कुणाची जाऊ, कुणाची आई. कधी नाव न काढलेल्या बाया त्या दुपारी सोप्यात आल्या. बोटांवर मोजायला लागल्या तर आमच्या एवढ्याशा गावात आठवणीतल्या अकरा निघाल्या. पेपरात एकीचंच आलं होतं. उरलेल्या अकरा जणींची नोंद कुठं नव्हती, आणि असलीच तर तलाठ्याकडं ‘ताप’ म्हणून.

त्या दिवशी मला कळलं की या बाया स्मिता पाटीलसाठी रडत होत्या हे खरं, आणि फक्त तिच्यासाठी रडत नव्हत्या हेही खरं. मयताच्या घरी बाया आपापलं रडून घेतात असं आपण म्हणतो, आणि ते जरा हिणवून म्हणतो. पण त्यात हिणवण्यासारखं काय आहे? जे दुःख घरानं, भावकीनं, देवाधर्मानं दाबून ठेवलं, त्याला बाहेर यायला एक मानाचं मरण लागतं. जिच्या मरणाची लाज कुणाला वाटत नाही, अशी एक बाई लागते. तिच्या आडोशानं आपल्या माणसाचं नाव मोठ्यानं घेता येतं.

आणि नुसतं रडण्यावर ते थांबलं नाही. तेव्हा माझी बायको दुसऱ्या वेळेला गरोदर होती, सहावा महिना. माझ्या चुलत्यांचं म्हणणं पडलं, ‘मुंबईच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरांच्या हातनं ती वाचली न्हाई, मग दवाखान्यात नेऊन काय उपेग? हितंच होऊ द्या.’ बोलणं वरवर बिनतोड होतं. आमच्याकडं थोरल्या माणसापुढं सुना बोलत नसत. पण माझी आई डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, ‘भाऊजी, दवाखान्यातली एक गेली ती तुम्हाला पेपरानं सांगितली. घरातल्या अकरा गेल्या, त्या आमी आत्ताच मोजल्या.’

चुलते उठून गोठ्यात गेले. १९८७ च्या मार्चमध्ये माझ्या बायकोचं बाळंतपण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झालं. आमच्या घराण्यात दवाखान्यात जन्मलेलं ते पहिलं मूल. त्यानंतर आळीतल्या आणखी दोघी गेल्या, मग जाणं नेहमीचं झालं. याचं सगळं श्रेय त्या एका दुपारला देणं बरोबर नाही. रस्ता झाला होता, जीप मिळत होती, नर्सबाई घरोघर येत होत्या. पुढं २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. सरकारच्या नोंदीप्रमाणं २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागं ३३ माता दगावल्या. हा आकडा देशातल्या कमी आकड्यांपैकी आहे. तरी ज्या ३३ जणी जातात, त्यांच्या घरात तो आकडा एकच असतो.

लता मंगेशकर गेल्या ६ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी, वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. वय ब्याण्णव. भरलं आयुष्य, पिकलं पान. त्यात हळहळण्यासारखं तसं काही नव्हतं. शिवाजी पार्कवरचा अंत्यविधी आम्ही टीव्हीवर पाहिला. माझी बायको डोळे पुसत होती, तेव्हा नातवानं विचारलं, ‘आजी, त्या आपल्या कोण लागत होत्या? आणि गाणी तर मोबाइलवर अजून आहेत की. मग रडतीस कशाला?’

प्रश्न चांगला होता. गाणी होती तशीच राहिली. तिकडं एकही सूर कमी झाला नव्हता. बायकोनं त्याला सांगितलं, ‘माझी आई भल्या पहाटं चुलीपुढं बसायची, तवा रेडिओवर ही बाई गायची. आई गेली तरी आवाज चालू होता. वाटायचं, चुलीपुढं अजून कुणीतरी हाय.’

तिला जे सांगता आलं ते मला दहा पानांत लिहिता आलं नसतं. मोठ्या माणसाचा आवाज, चेहरा, नाव आपल्या घरातल्या मेलेल्या माणसांच्या आठवणी धरून ठेवतो. खुंटीला कपडे टांगावेत तसं आपण आपलं बरंच काही त्याच्यावर टांगून ठेवलेलं असतं, ते आपल्या ध्यानातही नसतं. खुंटी निखळली की सगळं एकदम खाली येतं. बघणाऱ्याला वाटतं, हा खुंटीसाठी रडतोय.

आता मोबाइल आल्यापासून कुणीही गेलं की पाच मिनिटांत सगळ्यांच्या स्टेटसला फोटो लागतो. दुसऱ्या दिवशी तिथं वाढदिवसाचा केक. तरुण पोरांना मी त्याबद्दल बोल लावत नाही. कुणाच्या फोटोआड कुणी काय ठेवलंय, ते आपल्याला बाहेरून दिसत नाही. आमच्या सोप्यात त्या दुपारी कुणी परका आला असता, तर त्यालाही वाटलं असतं की या अडाणी बाया एका सिनेमावालीसाठी ऊर बडवताहेत. मी एवढंच म्हणतो, असं कुणी रडत असेल तर हसू नये. जमलं तर जवळ बसून विचारावं, ‘तुला कोण आठवलं?’

१९८७ च्या पितृपंधरवड्यात अविधवा नवमी आली, तेव्हा आजीनं आत्याचा नैवेद्य शिवेवर न्यायला नकार दिला. ‘माझ्या लेकीचं पान माझ्या घरात वाढा,’ म्हणाली. चुलत्यांनी एकदा माझ्या आईकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत. उंबऱ्यातले खिळे मी पक्कडीनं उपटून काढले. गंजलेले होते, दोन तर आतच तुटले. आत्याचा तो मुलगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा, त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आजीनं त्याच्या हातानं आईचं पान वाढवलं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई. आजी दोन वर्षांनी गेली, आईही आता नाही. पण ते पान अजून आमच्या घरातच वाढलं जातं.